उलट्या काळजाची

गडमुडशिंगी
१४ जानेवारी १९९९

आई,

तीर्थरूप लिहिलेलं नाही आणि नमस्कारही लिहिलेला नाही. श्रुती, तू वाचताना ते पदरचे घालू नकोस. जसं लिहिलंय तसंच मोठ्यानं वाच. आई मधेच "पुरे" म्हणाली तरी थांबू नकोस.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलायची माझी तयारी नाही.

सोमवारी सकाळी तू डेअरीला दूध घालायला गेलीस तेव्हा मी पिशवी उचलली आणि कोडोलीच्या स्टँडवर आले. आता सासरी आहे. मला परत न्यायला कुणाला पाठवू नकोस.

रविवारी आपल्या पुढच्या सोप्यात जे ठरलं ते तुझ्यासमोर ठरलं. तरी लिहिते. मी आतल्या दाराआड उभी होते, तिथून मला काय ऐकू आलं ते तुला कळू दे.

नोव्हेंबरात माझं अपेंडिक्स काढलं. तेव्हाच एक्स-रेत दिसलं की माझं हृदय डावीकडं नाही, उजवीकडं आहे. पोटातलं बाकी सगळंही तसंच, आरशात बघावं तसं. अठरा वर्षं ते तसंच घेऊन मी वैरणीचे भारे वाहिले, विहिरीत पोहले, शाळेत धावण्यात पहिली आले. कुणाला पत्ता नव्हता. एक फोटो निघाला, मी एकदम खोटा माल ठरले आणि विश्रांतीच्या नावाखाली तुझ्याकडं आणून सोडली गेले.

माझ्या सासूनं, आक्कांनी, कप खाली ठेवला आणि तुला विचारलं, "तानाबाई, खरं सांगा. ही पोटात असताना सूर्याला गिरान लागलं हुतं. काय चिरलंतंसा?"

मला वाटलं, आता तू उठशील आणि म्हणशील, माझी पोरगी धडधाकट हाय, चालत्या व्हा. तू म्हणालीस, "भोपळा. म्हशीला घालाय."

"बगा की! म्हणून तर असली उलट्या काळजाची निपजली. आमी फसलो. आता सोडचिठ्ठीवर हिची सही घ्या आन धाकटी द्या आमाला. तिचं डावीकडं हाय न्हवं?"

आणि तू मान हलवलीस.

श्रुती तेव्हा परड्यात शेण्या लावत होती. सतरा वर्षांची पोरगी, दोन महिन्यांवर बारावीची परीक्षा. तिला विचारायचंही तुला सुचलं नाही. एक पोरगी नासकी निघाली म्हणून दुसरी बदलून द्यायची? दुकानात चप्पल बदलून देतानासुद्धा गिऱ्हाइकाला घालून बघायला सांगतात.

म्हणून मी आले. नवऱ्याची ओढ लागली म्हणून नव्हे. मी इथं असेपर्यंत श्रुतीला इथं कुणी आणू शकत नाही म्हणून आले.

आक्कांनी मला दारातच अडवलं. "कशाला आलीस?"

मी म्हटलं, "माझं घर हाय. आन आक्का, मी सही करणार न्हाई. मी हयात असताना ह्या घरात दुसरी आली तर मी चौकीत जाणार. कायद्यात एकच बायको बसती."

सोमवार म्हणजे यांच्या कारखान्याची सुट्टी. ते आतून बनियनवरच बाहेर आले. मी तिथंच विचारलं, "तुमाला श्रुती पायजे?"

"मी कुठं म्हटलं?"

"मग नको, असं कुठं म्हटलंसा?"

ते दारातून बाजूला झाले. मी आत गेले.

माझी काळजी करू नकोस. सोप्यात झोपते, हवा चांगली येते. चुलीपाशी जाऊ देत नाहीत, त्यामुळं काम कमी. ब्लाऊज शिवायचं मशीन मात्र माझं मी बाहेर काढलंय. आणि तो एक्स-रे सोप्याच्या खिडकीला दोऱ्यानं बांधलाय. मागून ऊन आलं की स्वच्छ दिसतो. आक्का म्हणतात, "काढ ते भूत." मी म्हटलं, लपवलं म्हणून बोंबललात ना, मग आता बघू द्या सगळ्यांना. कालपासून गल्लीतल्या बायका येऊन बघून जातात. एकीनं विचारलं, "ह्यातलं काळीज कंचं?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि जाताना ब्लाऊजचं माप देऊन गेली.

उलट्या काळजाची माणसं कशी असतात ते मी आता बघितलंय, आई. त्या सगळ्यांची काळजं डावीकडंच आहेत.

तुझीच, ते काही तुला बदलून मिळायचं नाही,
संयोगिता


गडमुडशिंगी
१६ मार्च १९९९

आई,

श्रुतीचं पत्र आलं. तू माझं पत्र पुरतं ऐकलंस आणि उठून म्हशीकडं गेलीस, एवढंच तिनं लिहिलंय. पुढं लिहिलंय की तू विळीला हात लावणं सोडलंस. भाजी तीच चिरते. आणि ग्रहण शनिवारी लागलं होतं म्हणून तू शनिवारचे उपास धरलेस, निरंकार.

मला राग आहेच. पण हे वाचून तो कुठं ठेवावा ते कळेना.

काल सोमवारी मी यांना दवाखान्यात घेऊन गेले. टाक्यांच्या जागी दुखतंय असं खोटंच सांगितलं. माझं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. मी म्हटलं, "बाई, दुखत काही नाही. यांना ऐकवायला आणलंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी यांच्या कानात नळी घातली आणि दुसरं टोक माझ्या छातीवर डावीकडं ठेवलं.

"काय ऐकू येतंय?"

"बारीक हाय. लांबनं आल्यागत."

मग बाईंनी ते उजवीकडं सरकवलं. आई, हे दचकले. "हितं हाय की!"

"कसं वाजतंय?"

हे बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यातल्या प्रेसगत. एका ठेक्यात."

"बिघडलेली प्रेस तुम्हाला आवाजावरून कळते?"

"कळती की."

"ही बिघडलीय?"

"न्हाई."

"मग झालं," बाई म्हणाल्या. "हजारो माणसांत एखादं असं असतं. काही जणांना त्याबरोबर हृदयाचा दुसरा काही दोष असतो, म्हणून आम्ही हिची सगळी तपासणी केली. हिला काही नाही. फक्त कधी पोटात दुखलं तर डॉक्टरला आधी सांगायचं, माझं सगळं उलट बाजूला आहे. एवढंच पथ्य."

मग यांनी मान खाली घालून विचारलं, "त्या दिवशी काय झालतं नेमकं?"

तुला ते मी कधी नीट सांगितलं नाही. मला पोटात डावीकडं दुखायला लागलं. पहिल्या डॉक्टरनं सांगितलं, अपेंडिक्स उजवीकडं असतं, हे डावीकडं आहे, म्हणजे गॅस. पुड्या दिल्या. त्यानं राहिलं नाही तेव्हा आक्कांनी बायडाबाईला बोलावलं. ती इथली सगळ्यांची पोटं चोळते. तिनं बेंबीपाशी बोट रोवलं, नाडी बघितली आणि म्हणाली, "बेंबी सरकलीया." मग तेल लावून अंगठ्यानं रेटली. मी ओरडत होते. हे दारात उभे होते. आक्का म्हणत होत्या, "सोस जरा, जाग्यावर येती."

बाई म्हणाल्या, "बेंबी म्हणजे नाळेचा वण. आईच्या पोटात होती तेव्हा तिथून हिला अन्न मिळत होतं. जन्मल्यावर ते काम संपलं. वण कुठं सरकत नसतो. बोट रोवल्यावर जी उडते ती हृदयाकडून पायाकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी. ती प्रत्येकाला असते, बारीक माणसाच्या चटकन हाताला लागते. आणि हिचं अपेंडिक्स त्या वेळी फुटायच्या बेतात होतं. त्याच्यावर तुम्ही अंगठा देत होता."

यांच्या हाताला ग्रीस असतं तसं काहीतरी हे पँटला पुसत राहिले. हाताला काही नव्हतं.

आणि मग, आई, मी तुझं विचारलं. ग्रहणाचं.

बाईंनी माझी जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, जुलै, ऐंशी साल. त्यांनी उलटे महिने मोजले. "म्हणजे तुझ्या आईला दिवस राहिले दिवाळीच्या सुमाराला. हृदय कुठल्या बाजूला वळणार ते पहिल्या महिन्याभरातच ठरतं. तेव्हा गर्भ तिळाएवढा असतो, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ग्रहण कधी होतं?"

"फेब्रुवारीत."

"मग?" बाई म्हणाल्या.

श्रुती, हे दोनदा वाच.

दिवाळीला तुला दिवस राहिले. कार्तिकात माझं काळीज उजवीकडं जाऊन बसलं. ग्रहण लागलं माघात. तू भोपळा चिरलास तेव्हा मी तीन महिने आधीच अशी होते. तू त्या दिवशी भोपळा चिरला असतास, ऊस तोडला असतास, नाहीतर आक्का म्हणतात तशी उताणी पडून राहिली असतीस, तरी मी अशीच जन्मले असते. मी बाईंना विचारलं, मग कशानं झालं? त्या म्हणाल्या, "ते आम्हालाही अजून नीटसं माहीत नाही. पण जे नंतर घडलं त्यानं आधीचं होत नाही, एवढं नक्की माहीत आहे."

शनिवार सोड. विळी हातात घे. माझ्यासाठी तू उपाशी राहायचं कारण नाही. श्रुतीसाठी मान हलवलीस त्याचं काय करायचं ते तू ठरव.

येताना बसमध्ये हे माझ्या उजव्या बाजूला बसले. उगीचच.

संयोगिता


गडमुडशिंगी
१२ ऑगस्ट १९९९

आई,

श्रुती आज परत निघालीय, तिच्याच हाती देते. तू तिला इथं पाठवलंस, त्याच घरात, एकटीला, हे मला फार मोठं वाटलं. पण तिच्या पिशवीतून दर्भ निघाला, तुळस निघाली आणि तुझा निरोप निघाला: "ताईला म्हणावं, माझं चुकलं ते तू करू नको. हलू नको, चिरू नको." म्हणजे मार्चातलं पत्र तू ऐकलंस आणि बाजूला ठेवलंस.

मला चौथा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तू मला न्यायला येणार नाहीस, कारण तुझा हात वाईट आहे असं तू मानतेस. हे श्रुतीनं मला रडत सांगितलं. तर ऐक काल काय झालं ते.

इथं गेले महिनाभर माझं पोट सगळ्या गल्लीचं झालंय. पुढं आलं म्हणजे मुलगा, पसरट झालं म्हणजे मुलगी. जो उठतो तो लांबून माप घेतो. आक्कांनी केशर आणलं, दुधात घाल, पोर गोरं होतंय. मी दूध प्याले, चांगलं लागलं. पण हे भट्टीपुढं उभे राहून काळेकुट्ट झालेत, मी ही अशी सावळी. त्या केशरानं एकट्यानं काय काय करायचं? आक्का त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या आणि मग राग आठवून केशराची डबी घेऊन आत गेल्या.

काल मात्र त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पाचच्या पुढं ग्रहण लागणार होतं. दुपारपासून दारं-खिडक्या लावायला सुरुवात झाली. "आत जा, उताणी पड. गिरान सुटस्तवर कूस बदलायची न्हाई. पाणी न्हाई. काय चिरायचं न्हाई, शिवायचं न्हाई."

मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून आले होते. त्या म्हणाल्या, "ग्रहणातलं एकच पथ्य खरं. सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, डोळे जातात. ते पोटुशीनंही बघायचं नाही आणि पैलवानानंही. बाकी जेव, पाणी पी, काम कर. चार तास पाणी न पिता कोंडून घेतलंस तर मात्र मला आवडणार नाही."

पाच वाजता मी सोप्याचं दार उघडलं, विळी घेतली आणि उंबऱ्याच्या आत, सगळ्या गल्लीला दिसेल अशी बसले. पुढ्यात तांबडा भोपळा घेतला. मुद्दाम तोच.

आक्का किंचाळल्या. "अगं ए! माझ्या नातवंडाचा जीव घेतीस व्हय! एकदा कळलं न्हाई तुझ्या आयला, आता तू बी?" समोरच्या घरातल्या बायका दाराच्या फटीतून बघत होत्या. श्रुती माझ्यामागं भिंतीला चिकटून उभी. तिच्या हातात तो दर्भ तसाच.

हे पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते. चहा संपवला, कप विसळला आणि माझ्याशेजारी येऊन मांडी घालून बसले.

"सम्राट, उठीव तिला!" आक्का म्हणाल्या. "उद्या पोराला काय झालं मंजे?"

"झालं तर आमी दोघं बघू," हे म्हणाले. "पर आई, तू त्ये हिच्यावर ढकलायचं न्हाई. हिच्या आयवर बी न्हाई. त्या दिवशी मी दारात हुबा हुतो आन ही वरडत हुती. तवा मी काय बोललो न्हाई. आता बोलतोय."

मग भोपळ्याचं एक टोक त्यांनी धरलं, कारण तो डुगडुगत होता.

तुला एक गोष्ट सांगते, तिथं कुणाला दाखवली नाही. पहिला काप घेताना मी मनातल्या मनात तुळशीला हात जोडले. मला सगळं माहीत होतं. बाळाचं हृदय कधीच जागेवर बसलंय हे माहीत होतं. तरी जोडले. तुझ्या मनात त्या रविवारपासून काय चाललं असेल ते मला त्या वेळी कळलं. मी काप घेतला. मग दुसरा. सगळा भोपळा चिरला.

सूर्य दिसलाच नाही. ढग होते, पाऊस लागला होता. जो दिसतसुद्धा नव्हता त्याला भिऊन सगळी गल्ली कड्या लावून बसली होती. आम्ही भाजी केली आणि ग्रहण सुटायच्या आत तिघांनी भाकरी खाल्ली.

एवढ्यात बायडाबाई आली, पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन. तीही ग्रहणात बाहेर! मला वाटलं ही ओरडायला आली. ती उंबऱ्याशी टेकली, खिडकीतल्या एक्स-रेकडं बघितलं आणि म्हणाली, "पोरी, तवा मी दाबलं त्ये वंगाळ झालं म्हणं."

"झालं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मला कुनी शिकीवलं त्येच मी केलं. लई जणास्नी आराम पडलाय."

"पडला असंल. गॅस असला तर चोळल्यानं बरं वाटतंय. पर आत सुजलं असंल तर फुटतंय."

तिनं गोणपाट झटकलं. "मग आता उजवीकडं दुकलं तर दाबायचं न्हाई?"

"डावीकडं बी न्हाई. जोराचं दुखतंय, ताप हाय, उलटी हाय, तर हात लावायचा न्हाई. सरळ दवाखान्यात."

"बरं," म्हणाली. आणि भाजी खाऊन गेली.

आक्का आतल्या खोलीत बसून होत्या. जेवल्या नाहीत.

श्रुतीच्या हाती दर्भ परत पाठवलाय. म्हशीला घाल.

संयोगिता


गडमुडशिंगी
२९ जानेवारी २०००

आई,

मंगळवारी पहाटे मुलगी झाली. कोल्हापुरात, दवाखान्यात. दोघी बऱ्या आहोत. तू न्यायला आली नाहीस, तेव्हा बाळंतपण इथंच झालं. ते आता झालं.

पहिल्याच दिवशी भांडण करावं लागलं. आक्का म्हणाल्या, "पयलं दूध पिळून टाक, पिवळं हाय, बाधतंय. तीन दिवस मधाचं बोट दे." मी म्हटलं, "आक्का, म्हस व्याली की चिकाचा खरवस आपण गल्लीभर वाटतो. त्यातनं रेडकाला आधी पाजतो, का तर त्याला ताकद येती. मग माझ्या चिकाला काय इख लागलंय?" दवाखान्यातल्या सिस्टरनंही सांगितलं, तेच दूध पहिलं औषध, रोगाशी लढायचं बळ त्यातच असतं, आणि मध अजिबात नको. आक्का तरी ऐकेनात. शेवटी बाळाला न्हाऊ घालायला ठरवलेली बायडाबाई बघायला आली होती, ती बोलली, "आवं पाजू द्या की! रेडकाची अक्कल हाय तेवढी आपल्याला नको व्हय?" तिनं असं म्हटल्यावर आक्कांनी मधाची बाटली उचलून ठेवली. माझं शंभरदा सांगून झालं असतं तरी तेवढं झालं नसतं.

आता मुख्य गोष्ट.

बाळ हातात यायच्या आत आक्कांनी विचारलं, "कुठल्या बाजूला हाय?" मुलगा की मुलगी, ते मागाहून. गल्लीत सगळे तेच विचारतात. दूध डेअरीचे सभासद, किराणावाला, यांच्या कारखान्यातली माणसं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ एकदम निरोगी आहे असं सांगितलं, आणि हृदय कुठं आहे तेही आम्हा दोघांना सांगितलं.

आम्ही कुणालाच सांगणार नाही.

डावीकडं आहे म्हटलं तर म्हणतील, सुटली बिचारी. म्हणजे मी सुटलेली नाही. उजवीकडं म्हटलं तर तिच्या जन्मापासून लोक तिच्यासाठी स्थळ नाकारायला मोकळे. तिला स्वतःला सांगेन, कारण डॉक्टरला सांगायला तिला ते ठाऊक पाहिजे. बाकी कुणाला त्याची गरज नाही. यांना वाटलं होतं आईला तरी सांगावं. मी नको म्हटलं. दोन दिवस धुसफुसले. मग काल कारखान्यातून आले आणि स्वतःच म्हणाले, "आज सुपरवायझरनं इचारलं. मी म्हटलं, तुमचं कुठं हाय साहेब?"

बारसं शनिवारी, पाच तारखेला आहे. मी तुला बोलावतेय. तुझा हात वाईट आहे, पायगुण वाईट आहे, हे काही मला ऐकायचं नाही. ज्या हातानं मला न्हाऊ-माखू घातलं, ज्या हातानं वडील गेल्यावर एकटीनं म्हशी धरल्या आणि दोघींना शाळेत घातलं, त्या हातानं माझी पोर पाळण्यात घालायची आहे. दुसऱ्या कुणाला मी घालू देणार नाही. तू आली नाहीस तर पाळणा रिकामा राहील आणि पोर माझ्या मांडीवर. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

शनिवार तुझा उपास असतो हे मला माहीत आहे. मुद्दाम शनिवारच धरलाय.

संयोगिता


गडमुडशिंगी
८ फेब्रुवारी २०००

आई,

तू आलीस. तुझ्यापुढं मला काही बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

तू रिक्षातून उतरलीस तेव्हा आक्का दारातच होत्या. वर्षभरापूर्वी आपल्या सोप्यात त्यांनी तुला जसं विचारलं होतं तेच मला आठवलं आणि मी बसूनच राहिले. तुला वाटलं असेल मी बाळंतीण म्हणून उठले नाही. मी भ्याले होते. तुझ्यासाठी भ्याले होते.

तू पायावर पाणी घेतलंस. श्रुतीच्या हातात पिशवी दिलीस. मी बाळ तुझ्यापुढं धरलं. मला वाटलं होतं, तू आधी तिच्या छातीला कान लावशील. तेवढं तरी तुला हक्काचं आहे, विचारलंस तर तुला सांगायचं असं मी मनात ठरवूनही ठेवलं होतं.

तू बाळाला श्रुतीकडं दिलंस. माझ्यापुढं टेकलीस. माझा पदर बाजूला केलास आणि माझ्या छातीला कान लावलास. उजवीकडं.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तुझे केस माझ्या हनुवटीला लागत होते, शेणामुताचा आणि तेलाचा वास येत होता. घरभर बायका होत्या आणि कुणी खोकलं नाही. उठलीस तेव्हा तुझा कान लाल झाला होता.

मग आक्कांनी विचारलंच. राहवतंय होय त्यांना? "तानाबाई, आता तुमीच बगा बाळीचं. कुठल्या बाजूला हाय?"

तू बाळ श्रुतीकडनं घेतलंस, पाळण्यात ठेवलंस. पाळण्याची दोरी हातात धरलीस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. गेल्या वर्षी ह्याच बाईपुढं तुझी मान खाली होती.

तू म्हणालीस, "जिथं असाया पायजे तिथं हाय. माझ्या लेकीचं बी आन नातीचं बी. आन आक्का, धाकटीचं इचारू नगासा. ती नर्सिंगला जातीया, फारम भरलाय."

श्रुतीनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिलाही ठाऊक नव्हतं तू इतक्या लोकांत बोलशील. ती पाळण्यामागं तोंड लपवून हसत होती.

आक्का काय म्हणाल्या ते तू ऐकलं नाहीस, तू नाव ठेवण्यात गुंतली होतीस. मी ऐकलं. त्या शेजारणीला म्हणाल्या, "हिची आय लई खट हाय की गं." आणि उठून तुझ्यासाठी ताट वाढायला गेल्या.

तू जेवलीस. शनिवार होता. दोनदा भात घेतलास.

संयोगिता